शिवलकरांच्या मीटरमधली हवा

घारेवाडीच्या पाणीपुरवठा समितीने एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आपल्या फळ्यावर 'जास्तीत जास्त पाणी वापरणारी कुटुंबे' अशी यादी लावली, आणि तिच्यात पहिलं नाव होतं विनोद गणपत शिवलकर. दुसरं नाव कोणाचं होतं हे विनोदरावांना आजही सांगता येणार नाही. पहिल्याच्या खाली त्यांनी वाचलंच नाही.

शाळेत असताना पहिला नंबर त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. पुढे एसटीच्या आगारात सव्वीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली, आणि तिथे गाडी वेळेवर सुटली तर श्रेय ड्रायव्हरला आणि उशिरा सुटली तर शिव्या नियंत्रकाला, असाच रिवाज होता. आता छप्पन्नाव्या वर्षी पहिला नंबर आला तो असा, चार टाचण्यांनी टोचून. त्यात त्या फळ्याच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत 'पाणी वाचवा, वाडी वाचवा' अशी पाटी होती, आणि ती ओळ मागच्या वर्षी विनोदरावांनीच सुचवली होती. समितीने त्याबद्दल त्यांना शाल पांघरली होती. म्हणजे येणारा-जाणारा माणूस आधी पाटी वाचणार, मग खालची यादी वाचणार, आणि मग शालीची आठवण काढणार.

यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक सूचना होती. पहिल्या तीन कुटुंबांच्या जोडणीत पंधरा मे रोजी चकती बसवण्यात येईल. चकती म्हणजे मधे बारीक भोक पाडलेला पितळेचा तुकडा. तो पाइपात घातला की बोटाएवढी धार काडीएवढी होते. घारेवाडीला पाणी येतं एक दिवसाआड, तेही जेमतेम तासभर. त्या तासात काडीएवढ्या धारेने पिंप काय, धड घागर भरायची नाही. पण पाण्याचं एक वेळ निभावता आलं असतं. चकती बसवायला समितीचा केरू पाना घेऊन येणार, अंगणाच्या दगडी गडग्याच्या पलीकडे बायका उभ्या राहणार आणि ज्याने शाल घेतली त्याचीच मुंडी आवळली जाताना सगळी वाडी बघणार, हे निभावणारं नव्हतं.

"पहिले?" घरी त्यांच्या बायकोने, योगिनीवहिनींनी, हातातली परात खाली ठेवली. "तीन माणसांचं घर आपलं. खालच्या आळीतल्या बंगल्यात रोज दोन गाड्या धुतात, ते कितवे?"

"ते यादीत नाहीत."

"मग आपण काय हत्ती पाळलाय?"

एवढ्यात गडग्यावरून आनंदीबाई डोकावल्या. आनंदीबाई शेजारच्या, वय सत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली आणि तेव्हापासून सगळ्या वाडीला धाकात ठेवण्याचं काम एकटीच्या अंगावर घेतलेली. यादीची बातमी त्यांना विनोदरावांच्या आधीच कळलेली होती.

"काय रे विनोदा, एवढ्या पाण्याचं करतोस तरी काय? दोन-दोन वेळा न्हातोस तर मेल्या तसा दिसत पण नायस!"

त्या संध्याकाळी दादू तोडणकर मुद्दाम चौकशीला आला. दादूने उभा जन्म बोटीवर काढलेला. त्याने ओटीवर बसून, चहा घेऊन, बोटीवर एका मगात दाढी, आंघोळ आणि उरलेल्यात बनियन कसं धुवायचं हे साभिनय समजावून सांगितलं. सल्ला मोलाचा होता, पण तो देताना दादूने पायावर चिखल आहे म्हणून अंगणातल्या पिंपाचा नळ सोडला होता आणि बंद करायला तो विसरला. पिंपातलं निम्मं पाणी गेलं. विनोदरावांनी ते तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं, पण वहीची कल्पना त्यांना अजून सुचायची होती.

ती सुचली समितीच्या ऑफिसात. हे ऑफिस वाडीच्या डोक्यावर, सड्याच्या उघड्या पठारावर नवीन बांधलेलं. तिथे जायचं म्हणजे एप्रिलच्या उन्हात तापलेल्या कातळावरून चढत जायचं. तक्रार करायला येणाऱ्या माणसाची अर्धी तक्रार वाटेतच वाळून जावी अशी ती जागा. समितीचा सचिव हर्षद मयेकर हा तरुण, शिकलेला, अतिशय गोड बोलणारा, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं फार अवघड होतं.

"काका, बसा ना. तुमच्याबद्दल आम्हाला केवढा आदर आहे. पण मीटर कसं खोटं बोलेल?"

"मीटर बिघडलं असेल."

"शक्य आहे. तसा अर्ज करता येतो." हर्षदने कपाटातून चार पानी अर्ज काढला. "फक्त याला घरातल्या वापराचा तपशील जोडावा लागतो. कोणी, कशासाठी, किती वाजता, किती लिटर. सलग पंधरा दिवसांचा."

हर्षदने हे हसतमुखाने सांगितलं, कारण तो तपशील आजवर कोणी भरला नव्हता आणि कोणी भरावा अशी समितीची इच्छाही नव्हती. अर्जाचा तो कागद माणसाला घरी परत पाठवण्यासाठीच छापलेला होता. पण आपल्यासमोर बसलेल्या माणसाने सव्वीस वर्षं राजापूर, लांजा, देवरुखच्या प्रत्येक गाडीची येण्याची आणि सुटण्याची वेळ मिनिटासकट लिहून ठेवलेली आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"कोरे कागद तुमच्याकडचे मिळतील की माझे आणू?" विनोदरावांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून शिवलकरांच्या घरात पाण्याचं वेळापत्रक सुरू झालं. किराणावाल्याकडून लिटरचं माप आणून विनोदरावांनी बादल्या, कळशा, हंडे, तपेली, सगळ्यांवर तैलरंगाने रेघा मारल्या. योगिनीवहिनींच्या माहेरच्या तांब्याच्या हंड्यावर पांढरी रेघ ओढली गेली तेव्हा त्या दोन तास बोलल्या नाहीत. हे दोन तास वहीत शेऱ्याच्या रकान्यात नोंदवलेले आहेत. न्हाणीच्या दाराला दोरीने पेन्सिल बांधली. कोणी मोरीवर गेलं, की जाण्याची वेळ, भांडं आणि लिटर सांगून जायचं असा नियम झाला.

"बाबा, मी केस धुते ते समितीला कळवणार तुम्ही?" समीक्षा, त्यांची कॉलेजात जाणारी लेक, दारातच अडली.

"नाव नाही लिहिणार. प्रवासी क्रमांक तीन लिहितो."

"मग तर सगळ्यांना कळेलच! तीनच तर प्रवासी आहेत घरात!"

तिने केस धुवायला मैत्रिणीकडे मिरजोळ्याला जायला सुरुवात केली. विनोदरावांना हे गैर वाटलं. आपल्या घरचं पाणी दुसऱ्याच्या मीटरवर टाकणं म्हणजे आपल्या आगाराची गाडी दुसऱ्याच्या नावाने सोडण्यासारखं. त्यांनी तिला समोर बसवून एक तास समजावलं. शेवटी ती म्हणाली, "धुते घरी, पण भाषण थांबवा." केस, एकूण: चौतीस लिटर.

एका आठवड्यात वहीतून एकेक गोष्ट दिसायला लागली आणि विनोदराव हरखून गेले. रविवार, बुधवार आणि शुक्रवारी आकडा वर चढत होता, सोमवारी आणि गुरुवारी तो निमूट खाली बसत होता. आधी वाटलं काहीतरी मोजायची चूक. मग कळलं, हे मासळीचे वार. बांगडे धुवायचं पाणी, ते पाणी सांडलेली मोरी धुवायचं पाणी, मग हाताचा वास जात नाही म्हणून हात धुवायचं पाणी, आणि शेवटी पाटा. एका डझन बांगड्यांमागे बेचाळीस लिटर. सुरमई त्या मानाने सुधारलेली, एका तुकड्याला दोन लिटरसुद्धा नाही. या शोधाने विनोदराव इतके भारावले, की सुरमई खाणं हे वाडीच्या हिताचं आहे असं ते बाजारात कोळणीला सांगून आले. तिने ते ऐकून घेतलं आणि भाव वाढवला.

नवव्या दिवशी मुंबईहून धाकटा भाऊ गौरव बायकोमुलांसह आला. दर वर्षी मे महिना लागायच्या आसपास तो येतो, त्यात नवल नव्हतं. पण या वर्षी त्याला उतरल्या उतरल्या हातात पेन्सिल मिळाली.

"दादा, आम्ही पाहुणे की कैदी?" गौरव म्हणाला.

"पाहुणेच. प्रवासी क्रमांक चार ते सात."

गौरवची बायको भली बाई, तिने पहिले दोन दिवस सगळं इमानाने लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिने 'तोंड धुणे, दीड तांब्या, कंटाळा आला' असं लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. सहाव्या दिवशी ती मंडळी ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी परत गेली. गाडीत बसताना गौरव एवढंच म्हणाला, की पुढल्या खेपेला येताना आपलं पाणी बरोबर आणू. विनोदरावांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. रात्री ते जेवलेही नाहीत. पण पाहुण्यांचे तेराशे वीस लिटर वहीत चोख बसलेले होते.

मात्र वहीत एक असा आकडा होता, की तो त्यांनी आधी पेन्सिलीने लिहिला, तोही फिकट.

पाणी येण्याच्या दिवशी सकाळी, नळाला थेंबही यायच्या आधी, घरातून शंभरावर लिटर पाणी कमी होत होतं. कोणी प्यायलं नव्हतं, कोणी न्हालं नव्हतं. योगिनीवहिनी उठल्या उठल्या हंडे, कळशा, माठ रिकामे करत होत्या आणि अंगणातलं पिंप माडाच्या आळ्यात कलतं करणारे हात खुद्द विनोदरावांचे होते. कारण आज ताजं पाणी येणार होतं. परवाचं पाणी शिळं झालं होतं. शिळ्या पाण्यावर ताजं पाणी भरायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी शिकवण्याची गरजही नव्हती. वाडीत अंगणाअंगणांत त्या वेळी हेच चाललेलं असतं. एका खेपेला एकशे ऐंशी लिटर. विनोदरावांनी तो आकडा दोन दिवस पेन्सिलीत ठेवला. तिसऱ्या दिवशी स्वतःचाच राग येऊन त्यांनी तो पेनाने गिरवला.

पंधरा दिवस संपले. वहीची बेरीज सात हजार दोनशे साठ. मीटर म्हणत होतं, बारा हजार नऊशे. मधले साडेपाच हजारांवर लिटर कोण घेऊन गेलं?

"गळती!" दादू म्हणाला. "बोटीवर अशीच एकदा गळती लागली होती. तळ उघडल्याशिवाय कळत नाय."

तळ उघडायचा ठरला. घारेवाडीत माती वीतभर आणि खाली नुसता जांभा दगड. कुदळ चालत नाही, पहारच लागते. दादूने पहार धरली, विनोदरावांनी टोपली. दुपारपर्यंत दोन फूट चर झाला, त्यात पाइप दिसला आणि त्याला गळती तर नव्हतीच, साधा ओलावाही नव्हता. "आणखी जरा पुढं," असं म्हणून दादूने शेवटचा घाव घातला तो आनंदीबाईंच्या पाइपावर. आनंदीबाईंच्या टाकीत साठवलेलं पाणी पुरुषभर उंच उडालं. सगळी वाडी बघायला आली. आदल्याच महिन्यात यादीत पहिला आलेला माणूस दोन्ही हातांनी शेजारणीचं पाणी दाबून धरून चिखलात बसलाय, असं दृश्य वाडीने पाहिलं.

"जल्लं मेलं तुझं मीटर ता!" आनंदीबाई कडाडल्या. "स्वतःचं संपवलंस, आता माझं प्यायला उठलास?"

विनोदरावांनी स्वतःच्या पिंपातून त्यांना आठ हंडे भरून दिले. आनंदीबाईंनी ते मुकाट घेतले, पण पुढे बारा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. एकूण बघता हा काळ विनोदरावांना बरा गेला.

पण साडेपाच हजार लिटर कुठे गेले हा प्रश्न तसाच होता. पाणी यायच्या पुढल्या सकाळी पावणेसहाला विनोदराव खुर्ची घेऊन मीटरसमोर बसले. अंगणात नळ उघडा होता आणि त्याच्या खाली टोप पालथा घातलेला होता. वाडीत सगळीकडे हीच पद्धत. पाणी साडेपाचपासून साडेआठपर्यंत कधीही येतं. म्हणून नळ रात्रीच सोडून ठेवायचा आणि खाली पालथा टोप ठेवायचा, की पहिली धार पडल्याबरोबर टोप वाजतो आणि घर जागं होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी नळ शिंकल्यासारखा फुसफुसला. टोप गप्प होता. आणि मीटरचा काटा गरगर फिरायला लागला.

विनोदराव खुर्चीवरून उठले. टोपाकडे बघितलं, तो कोरडा. काट्याकडे बघितलं, तो आगारातून उशिरा सुटलेल्या गाडीसारखा पळत होता. त्यांनी स्वयंपाकघरातून दुधाची प्लास्टिकची मोठी पिशवी आणली आणि नळाच्या तोंडाला दोरीने बांधली. पिशवी फुगली. टम्म फुगली. तिच्यात पाण्याचा एक थेंब नव्हता, आणि मीटरवर एकवीस लिटर चढले होते.

"हवा ती," मागून केरू म्हणाला. केरू म्हणजे समितीचा माणूस, टाकीची चावी फिरवून पाणी सोडतो तो. चावी फिरवून तो वाडीतून सायकलने खाली चालला होता. "पाइप रिकामे झालेले असतत. आदी हवा येतं, मंग पाणी. तुमचं घर उंचावर, म्हंजे सगळ्या वाडीची हवा तुमच्या नळाला."

"तुला हे माहीत होतं?"

"मीटर बसवलं त्या दिवसापासनं."

"मग बोलला का नाहीस?"

"मना विचारलान कोणी?" असं म्हणून केरू सायकलवर बसला.

विनोदराव त्याच दिवशी तीन फुगलेल्या पिशव्या, तोंडं घट्ट बांधून, वहीसकट सड्यावर घेऊन गेले. वाटेत एक पिशवी करवंदीच्या काट्याला लागून फुटली. उरलेल्या दोन त्यांनी हर्षदच्या टेबलावर ठेवल्या.

"हे घ्या, माझ्या नावावर लावलेलं पाणी."

हर्षदने पिशव्या आदराने बाजूला सरकवल्या. वही उघडली. पानं उलटताना त्याचं हसू हळूहळू कमी होत गेलं, कारण अशी वही त्याने कधी पाहिली नव्हती. पण सचिव तो सचिवच. "काका, काम मोठं केलंत. पण अर्जात वापराचे जे प्रकार छापलेत, पिणे, स्वयंपाक, आंघोळ, धुणे, इतर, त्यात हवा कुठे बसवू? हवेसाठी रकानाच नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "एक मार्ग आहे. हे हमीपत्र. यापुढे पाणी जपून वापरीन, एवढंच लिहिलंय. सही करा, नाव यादीतून काढतो. चकती नाही, काही नाही. कोणाला कळणारही नाही."

विनोदरावांनी पेन हातात घेतलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. चढण चढून आलेले, घामाने भिजलेले, पंधरा दिवस घरात कोणी धड बोललेलं नाही. एका सहीचा प्रश्न होता. पण ती सही म्हणजे आपण उधळे होतो असं स्वतःच्या हाताने लिहून देणं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"मी हवा वापरत नाही, हर्षद. कोणी म्हणालं म्हणून मी म्हणणार नाही. चौदा तारखेला सभा आहे ना? तिथे वही वाचतो."

घरी आल्यावर खरी परीक्षा झाली. "हवेचं वाचा की," योगिनीवहिनी म्हणाल्या. "पण ते हंडे ओततो ते कशाला सगळ्यांपुढे? लोक म्हणतील, बघा, होतेच उधळे."

"हवा खोटी आहे असं सांगायचं, तर ओतलेलं खरं आहे हेही सांगायला पाहिजे. नाहीतर माझ्यात आणि त्या मीटरात फरक काय?"

वहिनींनी वही ओढून घेऊन बोटाने एक ओळ दाखवली. "मग नीट लिहा. देवाजवळचा तांब्यापण ओतते मी. तो राहिलाय."

चौदा मेला देवळाच्या सभामंडपात सगळी वाडी जमली. विनोदराव उभे राहिले आणि आगारात गाड्या पुकारायचे त्या आवाजात त्यांनी वही वाचायला घेतली. बांगड्यांचे बेचाळीस लिटर आले तेव्हा हशा झाला. 'कंटाळा आला' आलं तेव्हा दादू डोळे पुसायला लागला. मग ओतलेलं पाणी आलं.

"पंधरा दिवसांत आठ वेळा, दर वेळी एकशे ऐंशी लिटर आणि एक तांब्या. शिळं म्हणून माडाला. हे मी केलं. याची लाज वाटते म्हणून सांगतो. पण मला एक सांगा, हे पाणी आपल्या घरात दोन दिवसांत शिळं होतं, आणि धरणात मागच्या पावसापासून होतं तेव्हा ते काय होतं?"

सभामंडपात कोणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली आणि थांबली, कारण त्या सकाळी पाणी आलं होतं आणि प्रत्येकीने आपापले हंडे ओतलेले होते.

"शिळं ता शिळं!" आनंदीबाई मागून म्हणाल्या. बारा दिवसांनंतरचं ते पहिलं वाक्य. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

हर्षदने सगळं शांतपणे ऐकलं, विनोदरावांच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं, आणि नियमाप्रमाणे उद्या चकती बसेल असं जाहीर केलं.

पंधरा तारखेला सकाळी नऊ वाजता केरू पाना आणि चकती घेऊन आला. विनोदराव ओटीवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. बसवायची तर बसवा, पण मी तोंड लपवणार नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. केरूने मीटरच्या चौकोनी खड्ड्याचं झाकण उचलायला हात घातला, आणि आनंदीबाई गडग्याच्या फटीतून आत येऊन त्या झाकणावर मांडी घालून बसल्या.

"उठा काकी," केरू म्हणाला.

"नाय उठत. माज्या घरात पण हंडे ओततत. आदी माज्याकडं बसव. मंग दादूकडं. मंग त्या बंगल्यावर. सगळ्यांकडं झालं, की मंग ये हितं." मग त्या विनोदरावांकडे वळल्या. "तू काय बगतोस? चहा सांग योगिनीला. बिनसाखरेचा."

विनोदराव आत जाऊन चहा सांगून आले. केरूनेही चहा घेतला, 'जागेवर अडथळा' असं कागदावर लिहिलं आणि हलक्या मनाने गेला.

त्याच संध्याकाळी वाडीने ठरवलं, की पुढल्या खेपेला नळ बंद ठेवायचे. एकही उघडा नळ नाही, एकही पालथा टोप नाही, एकही हंडा ओतायचा नाही. पाणी आलं हे कसं कळणार, याचं उत्तर विनोदरावांकडे होतं. सकाळी केरूने टाकीची चावी फिरवून त्यांना फोन केला, आणि वीस मिनिटांनी देवळाच्या भोंग्यावरून विनोदरावांचा आगारातला आवाज आला, "घारेवाडीच्या नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. खालच्या आळीचे पाणी आले आहे. वरच्या आळीतल्यांनी नळ उघडण्याची घाई करू नये." बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. पहिल्याच नळाला नुसतं पाणी आलं, फुसफुस नाही. वरच्या आळीतही धार चांगली बोटभर होती. इतक्या वर्षांत वरच्या आळीने अशी धार बघितली नव्हती.

हवा मग गेली कुठे, हा विचार कोणाच्याच मनात आला नाही.

तो आला अकरा वाजता, हर्षदने ऑफिसचं कुलूप उघडलं तेव्हा. सड्यावर आजवर पाणी कधी चढलंच नव्हतं. त्यामुळे ऑफिसच्या मोरीतला नळ कोणीतरी कधीतरी सोडून बघितला होता, काही आलं नाही म्हणून तसाच ठेवला होता. सगळ्या वाडीचे नळ बंद. उघडा तेवढा एकच. आधी पाइपातली झाडून सगळी हवा त्यातून गेली, आणि मग, खाली दाब अडल्यामुळे, आयुष्यात पहिल्यांदाच पाणी सड्यावर चढलं. हर्षदच्या पायघोळ पँटचे पाय भिजले. अर्जांचा गठ्ठा खालच्या खणात होता, तो फुगून बसला.

बातमी वाडीत पोचायला पाच मिनिटं लागली. चढण होती, ऊन होतं, तरी सगळे आले. केरूने ऑफिसच्या मीटरवरची धूळ पुसली आणि मोठ्याने वाचलं. एका सकाळीत चार हजार दोनशे लिटर.

"चार हजार?" दादू म्हणाला. "विनोदने चार दिवसांत सुद्धा..."

"अहो, थांबा, थांबा!" हर्षद दोन्ही हात वर करून ओरडला. पहिल्यांदाच त्याचा आवाज गोड नव्हता. "असं काय करता? एका तासात एवढं पाणी येतं का कुठे? जरा डोकं चालवा! हवा आहे ती! मीटर हवेनेपण फिरतं!"

सगळ्यांनी एकदम विनोदरावांकडे बघितलं. हर्षदने वर केलेले हात हळूच खाली आणले. त्याच्या पायाखालून पाणी सावकाश उंबऱ्याबाहेर चाललं होतं.

विनोदराव पुढे झाले. त्यांनी चप्पल काढली, पाण्यातून चालत टेबलापर्यंत गेले, वहीतलं एक कोरं पान नीट फाडलं आणि खिशातलं पेन उघडून दोन्ही हर्षदसमोर ठेवलं.

"आत्ता बोललास, तेवढंच लिही. तारीख घाल, वेळ घाल, समितीचा शिक्का मार."

हर्षदने लिहिलं. शिक्का ओला झाला होता, तो दोनदा मारावा लागला. मग तो मान खाली घालून म्हणाला, "काका, ती यादी मी आत्ताच काढून टाकतो."

"हात लावू नकोस तिला," विनोदराव म्हणाले. "हा कागद तिच्या शेजारी लाव. आणि टाचण्या चारही लाव."